आतून लागलेले दार

ग्रंथालयाच्या इमारतीला लागून जो दगडी जिना आहे, त्याच्या उतरत्या पोटाखाली एक त्रिकोणी जागा उरते. त्या जागेत एक गृहस्थ चाळीस वर्षे बसत आले. एक लाकडी बाक, बाकाला घट्ट आवळलेली लोखंडी पकड, लहानमोठ्या कानशींची रांग आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या, एवढाच त्या दुकानाचा पसारा. ताठ उभे राहायचे तर दुकानाबाहेर यावे लागे. आत असताना बसणे किंवा वाकणे हेच दोन पर्याय. लोक त्यांना किल्लेदार म्हणत. हे नाव कोणीतरी थट्टेने ठेवले असणार, पण ते अंगाला असे काही बसले की पुढे त्यांच्या पत्नीसुद्धा भाजीवालीला ‘किल्लेदारांकडची आहे मी’ असे सांगू लागल्या.

संशय हा मनाचा दोष आहे असे आपण सहज म्हणून जातो. किल्लेदारांच्या ठिकाणी मात्र तो एखाद्या व्रतासारखा होता. व्रतस्थ माणूस जसा दिवसाचे नियम मोडत नाही, तसे हे गृहस्थ प्रश्न विचारल्यावाचून कोणाला दुसरी किल्ली करून देत नसत. किल्ली कुणाची, दार कुठले, ते कोणत्या बाजूला उघडते, उघडताना कुरकुरते का, खाली घासते का. एकदा वस्तीतले डॉक्टर आपल्याच दवाखान्याची किल्ली घेऊन आले. दाराच्या बिजागऱ्या डाव्या अंगाला की उजव्या, हे त्यांना सांगता येईना.

“वीस वर्षं त्या दारातून जाताय आणि माहीत नाही?” किल्लेदार म्हणाले.

“अहो, मी पेशंट बघतो, बिजागऱ्या नाही बघत.”

“मग आज बघून या. किल्ली इथेच राहू द्या.”

डॉक्टर खरोखरच दवाखान्यापर्यंत जाऊन आले. वस्तीत या प्रसंगावर पुष्कळ हसून झाले, पण त्याच आठवड्यात तिघांनी आपापल्या घराची जादा किल्ली किल्लेदारांच्या भिंतीवर ठेवायला दिली. अशा चाळीसेक घरांच्या किल्ल्या तिथे टांगलेल्या होत्या. एकीवरही नाव नव्हते. कोणती कुणाची, हे फक्त त्यांच्या मस्तकात होते. त्यांच्याजवळ मिळकत म्हणून काही असेल तर ती लोकांचा हा विश्वास एवढीच होती, आणि ती किती ठिसूळ असते ते त्यांनी बालपणीच पाहिले होते.

त्यांचे वडीलही हाच व्यवसाय करीत. वडिलांनी आपल्या मेव्हण्याला, म्हणजे किल्लेदारांच्या सख्ख्या मामाला, हाताशी घेतले आणि विद्येत काही हातचे न राखता सगळे शिकवले. तीन वर्षांनी मामाने एका व्यापाऱ्याचे घर उघडले आणि तो परागंदा झाला. चौकीत दोन दिवस बसावे लागले ते वडिलांना. ते सुटून आले तेव्हा दुकानापुढे माणसांची रांग लागली होती. प्रत्येक जण आपली किल्ली परत न्यायला आला होता. तेव्हापासून त्या घराण्यात एक रीत पडली. विद्या शिकवायची, पण शेवटची पायरी शिकवायची नाही. खुद्द आपल्या मुलालाही वडिलांनी ती दहाव्या वर्षी दाखवली. दहावे वर्ष वयाचे नव्हे, दुकानात बसू लागल्यानंतरचे. आणि कुणाचे अडकलेले दार उघडायला गेले की दोघेही बापलेक घरच्या मंडळींना आधी एकच सांगत, “तोंडं तिकडे फिरवा.”

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर एक मोठी खोली वर्षानुवर्षे पडून होती. तिथे ग्रंथपालबाईंनी नागरिकांसाठी शिकण्याशिकवण्याचा एक उपक्रम सुरू केला. भिंतीवर फळा लावला. त्याच्या एका बाजूला ‘मला येते’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मला शिकायचे आहे’. ज्याला जे येते त्याने ते विनामूल्य शिकवावे, ज्याला जे हवे त्याने चिठ्ठी लावावी. नळवाल्याने नळाचे वायसर बदलायला शिकवले, एका निवृत्त परिचारिकेने प्रथमोपचार. मी निवृत्त शिक्षक, म्हणून उपस्थितीची वही ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. पहिले काही महिने लोक तिथे जरा बिचकतच येत. फुकट शिकवताहेत म्हणजे शेवटी काहीतरी विकतील, अशी अनेकांची खात्री होती. नळवाल्याच्या वर्गाला आलेल्या एका आजोबांनी तर खिशाला हात लावूनच सगळा पाठ ऐकला.

एके दिवशी फळ्यावर एक चिठ्ठी आली. ती घेऊन ग्रंथपालबाई जिन्याखाली गेल्या.

“काका, एक मागणी आलीय. तुमच्याशिवाय कोण शिकवणार?”

“कसली?”

बाईंनी वाचून दाखवले, “आतून बंद झालेले दार बाहेरून कसे उघडावे.”

कानस थांबली. “कुणी लिहिलंय?”

“नाव नाही लिहिलेलं.”

“का नाही?”

“राहिलं असेल.”

“ज्याला नळ शिकायचा होता त्याचं नाव होतं?”

“होतं.”

“शिवण शिकणारीचं?”

“तिचंही होतं.”

“मग नेमकं ह्याचंच कसं राहिलं?”

बाईंनी चिठ्ठी पुढे केली. “नसेल शिकवायचं तर राहू द्या, काका. जबरदस्ती नाही.”

“शिकवतो ना. नाही कुठे म्हटलं?” असे म्हणून त्यांनी ती चिठ्ठी बाईंच्या हातातून घेतली, घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

घरी काय झाले ते त्यांच्या पत्नीने पुढे आमच्याकडे सविस्तर सांगितले. त्या म्हणाल्या होत्या, “चाळीस वर्षांत मला कपाटाची किल्ली कुठे ठेवता ते सांगितलं नाहीत, आणि आता परक्यांना दारं उघडायला शिकवणार?”

“शिकवायचं निमित्त. माणूस बघायचाय.”

“कोणता माणूस?”

“तेच तर बघायचंय.”

अशा रीतीने आमच्या वस्तीतला हा स्वयंसेवक चोर पकडण्याच्या हेतूने स्वयंसेवक झाला. सेवेची प्रेरणा नेहमी शुद्ध असतेच असे नाही; पण वर्ग सुरू झाला, हेही खरे.

सहा रविवारांचा वर्ग ठरला. नऊ जण आले, त्यांत नळवालाही होता. पहिल्याच दिवशी किल्लेदारांनी प्रत्येकाला वहीत स्वहस्ते नाव, पत्ता आणि आपल्या दाराची तक्रार लिहायला लावली. विद्यार्थी लिहीत असताना ते पाठीमागून फिरत होते आणि त्यांचा डावा हात आतल्या खिशावर होता. आठ जणांनी लिहिले. नवव्या होत्या एक पन्नाशीच्या बाई. दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात त्या काम करीत आणि रविवारीही अर्धा दिवस काम करून थेट वर्गाला येत. बोटांना पांढरी भुकटी लागलेली. “गुरुजी, तुम्हीच लिहा माझं,” त्या मला म्हणाल्या, “वही खराब होईल.” मी लिहिले. मान वर केली तेव्हा किल्लेदार माझ्या हाताकडे पाहत नव्हते. त्या बाईंच्या हाताकडे पाहत होते.

त्यांचे शिकवणे मोठे सुरेख होते, हे सांगितलेच पाहिजे. कुलूप उघडून आतल्या पितळी पट्ट्या ते एकेक करून कापडावर मांडत, आणि प्रत्येक पट्टीचे कार्य अशा आदराने सांगत की वेदीवरची उपकरणेच मांडली आहेत असे वाटावे. बसवताना घाई केलेली त्यांना खपत नसे. “कुलपाला बळ लावायचं नाही. बळ चोर लावतो,” असे ते म्हणत आणि म्हणताना वर्गावरून एक नजर फिरवीत.

दुसऱ्या रविवारी मोडक्या किल्लीवरून नवी कशी घडवावी हा पाठ होता. कवळीवाल्या बाई सहज बोलून गेल्या, “मेणात ठसा घेतला तर? मेण कोमट पाहिजे, गरम नको. आणि काढताना सरळ ओढायचं, नाहीतर कडा मोडतात.”

किल्लेदारांनी हातातली किल्ली खाली ठेवली.

“हे कुठे शिकलात?”

“रोजचंच काम आहे.”

“रोजचं?”

“कवळ्यांचं, काका.”

नळवाला मोठ्याने हसला. “किल्लेदार, त्या दातांचे ठसे घेतात, दारांचे नाही.”

“दाते किल्लीलाही असतात,” किल्लेदार म्हणाले. ते हसले नाहीत.

चौथा रविवार आतून लागलेल्या दाराचा. मूळ गोष्ट सोपी आहे. जुन्या दारातल्या कुलपाला आतून-बाहेरून एकच आरपार छिद्र असते. आतल्या माणसाने किल्ली लावून तशीच ठेवली की बाहेरची दुसरी किल्ली आत शिरत नाही. म्हणून बाहेरून बारीक सळईने आतली किल्ली ढकलून पाडायची आणि मग आपली लावायची. किल्लेदारांनी नऊ फळ्यांवर नऊ कुलपे बसवून आणली होती. प्रत्येक फळी त्यांनी स्वतः विद्यार्थ्यापुढे ठेवली, आणि ठेवताना आतल्या बाजूची किल्ली अंगठ्याने नकळत सरळ केली. ढकलण्यापूर्वीची एक पायरी त्यांनी अशा प्रकारे गिळली. किल्लीचे पाते छिद्राच्या रेषेत असेल तरच ती पडते. अर्धवट फिरवून सोडलेली असेल तर ढकलल्याने ती अधिकच अडकते; ती आधी टोकाशी वाकवलेल्या तारेने बाहेरून सरळ करावी लागते. ही तार आणि तिचा तो वळसा, हीच त्या घराण्याची राखलेली विद्या.

नऊही किल्ल्या टणाटण खाली पडल्या. सगळे खूश झाले. तेवढ्यात कवळीवाल्या बाईंनी विचारले, “आणि किल्ली वाकडी राहिली असेल तर?”

“राहत नाही.”

“राहते. माणूस घाबरून अर्धी फिरवतो आणि हात काढून घेतो.”

“कोण माणूस?”

बाईंनी पडलेली किल्ली उचलली. मग म्हणाल्या, “असंच. कुणीही.”

“तसं झालं तर कुलूपवाल्याला बोलवायचं. आमचंही पोट आहे.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, आणि किल्लेदारांनी ते टिपून ठेवले.

वर्ग सुटताच ते ग्रंथपालबाईंपुढे उभे राहिले. खिशातली चिठ्ठी त्यांनी टेबलावर पसरली. “हे अक्षर त्या कवळीवालीचं.”

“तुम्ही तिचं अक्षर पाहिलंत?”

“नाही. म्हणूनच म्हणतो. आठ जणांचं पाहिलं, त्या आठांचं नाही.”

“समजा, तिचंच आहे. मग?”

“बाई, मेणाचा ठसा जिला येतो, तिला आतून लावलेलं दार उघडायचंय, नाव द्यायचं नाही आणि दार कुणाचं ते सांगायचं नाही. उद्या वस्तीत एखादं घर फुटलं तर लोक काय म्हणतील? कुणी शिकवलं, असंच विचारतील ना? तिचं नाव काढा. नाहीतर मी चौकीत जाऊन सांगतो.”

“काय सांगणार? एका बाईला दार उघडायला शिकायचंय?”

“आमच्या वडलांच्या वेळीही असंच सगळ्यांना साधं वाटलं होतं.”

बाईंनी एक आठवडा मागून घेतला आणि कवळीवाल्या बाईंना एकट्या असताना गाठून कारण विचारले. उत्तर आले, “उपयोगी पडतं म्हणून.” एवढेच. संशयाचा स्वभाव ओल्या कागदावरच्या शाईसारखा असतो. एका टोकाला लागला की पसरत जातो. पाचव्या रविवारी मी पाहिले, त्या बाईंच्या बाकावरच्या दोघी जणी पुढच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. पुस्तकांच्या कपाटांच्या किल्ल्या एरवी टेबलाच्या खणात असत, त्या ग्रंथपालबाईंच्या पर्समध्ये गेल्या होत्या. नळवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “गुरुजी, मी हसलो खरा त्या दिवशी, पण बाईंचे हात बघा. असे हात साधे नसतात.” आणि माझेही लक्ष त्या हातांकडे गेले, हे नाकारून चालणार नाही.

पुढचे जे लिहितो आहे ते मी इतकी वर्षे लिहिले नाही. आता ज्यांच्यासाठी ते झाकले होते त्या हयात नाहीत, आणि ज्यांनी झाकायला सांगितले होते त्यांनीच लिहिण्याची अनुमती दिली आहे.

त्या गुरुवारी दुपारी मी एका पेटीची कडी बसवून घेण्यासाठी जिन्याखाली बसलो होतो. कवळीवाल्या बाई आल्या त्या अनवाणी.

“काका, चला. आतून दार लागलंय. माझी आई आत आहे.”

किल्लेदार जागचे हलले नाहीत. “दार कुणाचं?”

“आमचं.”

“घर तुमच्या नावावर आहे?”

“काका, आत गॅस चालू आहे.”

“खिडकी?”

“गज आहेत.”

“हाक मारलीत?”

“मारली. ऐकते ती. पण उघडत नाही.”

“का उघडत नाही?”

बाईंनी माझ्याकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “तिला वाटतं, ती शाळेत आहे.”

किल्लेदारांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे चालले होते ते मी जवळून पाहत होतो. परक्याचे दार आपल्याच हाताने उघडवून घेण्याचा हा डाव असला तर? भर दुपारी, साक्षीला एक म्हातारा गुरुजी. चाळीस घरांच्या किल्ल्या त्यांच्या पाठीमागे टांगलेल्या होत्या. ते उठले, हत्यारांची पेटी घेतली. पण वाटेतही त्यांचे प्रश्न थांबले नाहीत. मजला कोणता, शेजारी कोण, दाराचा रंग कोणता. बाई पुढे धावत होत्या आणि मान न वळवता उत्तरे देत होत्या, “दुसरा. शिंपी. हिरवा.” मी मागून जमेल तसा चढत होतो.

घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली एक टेबल, त्यावर पांढऱ्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले. आतल्या खोलीचे दार हिरवे होते आणि बंद होते. फटीतून करपल्याचा वास येत होता. छिद्राभोवतीच्या पितळी पत्र्यावर ताजे ओरखडे होते आणि खाली एक बारीक सळई पडली होती. किल्लेदारांनी वाकून छिद्रात पाहिले आणि ते तसेच वाकलेले राहिले. बाईंनी सगळे त्यांनी शिकवल्याप्रमाणेच केले होते. आतली किल्ली तिरपी होती; ढकलून ढकलून ती आणखी घट्ट बसली होती. आपलाच पाठ आपल्यापुढे दारात अडकून बसलेला त्यांना दिसत होता.

“कोण गडबड करतंय बाहेर?” आतून आवाज आला. वृद्ध, पण खणखणीत. “घंटा होऊन गेली. उशिरा आलेल्यांना आत घेतलं जात नाही.”

“आई, गॅस बंद कर गं.”

“मध्ये बोलू नये.”

किल्लेदारांनी पेटीतून तार काढली आणि सवयीने म्हणाले, “तोंडं तिकडे फिरवा.” मी भिंतीकडे वळलो. बाई वळल्या नाहीत.

“मी बघणार.”

“बाई, आमची रीत आहे.”

“दुसऱ्यांदा झालंय हे. पहिल्यांदा तिनं स्वतःच उघडलं. पुढच्या वेळी तुम्ही दुकानात नसलात तर मी कुणाच्या पाया पडू?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “म्हणून चिठ्ठी लावली होती मी. तुम्ही वाकडी किल्ली शिकवलीत का?”

वास वाढत होता. मी भिंतीकडे तोंड करूनच होतो, तरी मला ऐकू आले ते किल्लेदारांचे बोलणे.

“इकडून बघा. तिथे माझ्या हाताची सावली पडते.”

मग तार पितळेवर घासल्याचा बारीक आवाज, आणि ते हळू आवाजात सांगत होते, “आधी चाचपायचं, पातं कुठल्या बाजूला झुकलंय ते. आता आकडा त्याच्या पोटाखाली. उचलायचं नाही, वळवायचं. जाणवलं? आता सळई.” आत किल्ली फरशीवर पडली. बाईंनी आपली किल्ली लावली आणि दार उघडले.

पातेल्यातले पाणी आटून भांडे काळे पडले होते. बाईंनी गॅस बंद केला, खिडकी उघडली. खुर्चीत एक ताठ पाठीची वृद्धा बसली होती, मांडीवर वही. मी त्यांना ओळखले. वस्तीतल्या निम्म्या लोकांना ज्यांनी वाचायला शिकवले त्या मुख्याध्यापिका. दोनेक वर्षांत त्या दिसल्या नव्हत्या, त्या या लेकीकडे असतात हे मला ठाऊक नव्हते, आणि आम्ही कोणी विचारलेही नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, किल्लेदारांकडे पाहिले.

“उशीर झाला तुला.”

“हो, बाई.”

“कारण?”

ज्या माणसाने चाळीस वर्षे सगळ्या वस्तीला कारणे विचारली, त्याला एकही कारण सांगता येईना. “कारण नाही, बाई,” ते म्हणाले.

“मागच्या बाकावर बस.”

कोपऱ्यात एक लोखंडी ट्रंक होती. किल्लेदार तिच्यावर जाऊन बसले, आणि वृद्धेची मान झोपेने कलली तेव्हाच उठले.

बाहेरच्या खोलीत त्यांनी कुजबुजत विचारले, “कुलूपच काढून टाकू का?”

“काढलं होतं. दोन दिवस जेवली नाही. म्हणाली, माझ्या वर्गाचं दार कुठे गेलं?” बाईंनी साच्यांवरची भुकटी पुसल्यासारखा हात फिरवला. “काका, गुरुजी, कुणाला सांगू नका. इथे सगळे तिचे विद्यार्थी आहेत. त्यांच्यापुढे ती कधी चुकलेली नाही. आणि भावाला कळलं तर तो तिला कुठेतरी नेऊन ठेवील. तो वाटच बघतोय.”

किल्लेदारांनी मान हलवली. दिलेला शब्द पाळणे या माणसाला अवघड नव्हते. तोंड बंद ठेवणे हाच त्यांचा व्यवसाय होता. अवघड झाले ते निराळेच. शुक्रवारी त्यांनी ग्रंथपालबाईंना सांगितले की आपली चूक झाली होती.

“मग ती चिठ्ठी?”

“दुसऱ्या कुणाची असेल.”

“आणि अक्षर?”

“मला काय कळतं अक्षरातलं?”

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. बारा दिवसांपूर्वी चौकीत जायला निघालेला माणूस एकाएकी इतका सौम्य कसा झाला? नळवाल्याने त्यांना गुरुवारी पेटी घेऊन कवळीवाल्या बाईंच्या घराचा जिना चढताना पाहिले होते आणि ही बातमी त्याने स्वतःपाशी ठेवली नव्हती. मी सोबत होतो हे सांगायला तो विसरला, किंवा त्याला तितके महत्त्वाचे वाटले नाही. शनिवारपर्यंत दोन घरांची माणसे जिन्याखाली येऊन आपली जादा किल्ली परत घेऊन गेली. किल्लेदारांनी त्यांनाही आधी दार कुठल्या बाजूला उघडते ते विचारले, आणि मगच खिळ्यावरून किल्ली काढली. घरी तर त्यांची दुकानासारखीच तपासणी झाली.

“गुरुवारी दुपारी कुठे होतात?”

“कामाला.”

“कुणाच्या?”

“गिऱ्हाइकाच्या.”

“गिऱ्हाइकाला नाव असतं. पत्ता असतो. तुम्हीच विचारता ना?”

मी त्यांना म्हणालो, मला सगळे सांगू द्या, निदान घरी तरी. ते म्हणाले, “गुरुजी, एकाला सांगितलं की दार उघडंच. राहू द्या.” मग जरा थांबून विचारले, “तुम्ही कुणाला बोलला नाहीत ना? वहिनींनाही नाही?” त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयीचा संशय अगदी स्वच्छ दिसत होता.

सहावा रविवार शेवटचा होता. किल्लेदार एक पत्र्याचा डबा घेऊन आले. नऊ फळ्या त्यांनी नऊ जणांपुढे ठेवल्या, आणि या वेळी प्रत्येक किल्ली स्वतःच्या अंगठ्याने वाकडी करून ठेवली. विद्यार्थ्यांनी सळया चालवल्या. एकही किल्ली पडेना.

“अडकलीय,” कोणीतरी म्हणाले.

“अडकणारच. मागे एक पायरी सांगायची राहिली.”

“राहिली की राखली?” नळवाल्याने विचारले.

“राखली.”

ग्रंथपालबाई दाराशी उभ्या होत्या.

“का?” नळवाल्याने पुढे विचारले.

“तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून.”

“आणि आता आहे?”

“आताही नाही. तार धरा.”

त्यांनी डबा उघडला. नऊ तारा होत्या, एकसारख्या, टोकाशी तोच वळसा घेतलेल्या. मी वाटताना जवळच होतो, म्हणून सांगू शकतो. मग त्यांनी ती पायरी शिकवली. सावकाश, दोनदा, आणि कोणालाही तोंड फिरवायला न सांगता. नळवाल्याला ती जमेना. कवळीवाल्या बाईंची किल्ली पहिल्याच वळणात सरळ झाली आणि पुढच्या बाकावर गेलेल्या त्या दोघी जणी वळून त्यांच्या बोटांकडे पाहू लागल्या. कौतुकाने की आणखी कशाने, ते मला ठरवता आले नाही. किल्लेदार हात मागे बांधून बाकांमधून फिरत होते. पुढे काही झाले तर लोक कुणाचे नाव घेतील, हे त्या खोलीत त्यांच्याइतके नेमके कुणालाच ठाऊक नव्हते.

वर्ग संपला. “तारा परत,” ते म्हणाले. “घरी न्यायच्या नाहीत.” डबा बाकाबाकावरून फिरला आणि त्यांच्यापाशी आला. त्यांनी आत पाहिले, बोटाने तारा बाजूला सारून पाहिल्या आणि झाकण लावले.

“मोजल्या?” नळवाल्याने विचारले.

“मोजल्या.”

“किती?”

“आठ.”

“आणल्या किती होत्या?”

किल्लेदारांनी डबा काखेत घेतला. “आठच.”

ते जिना उतरून गेले. नळवाला तिथेच थांबला आणि बोट हवेत किंचित हलवत, वर्गातली माणसे एकेक करून मोजू लागला.